पडद्यावरचा आकडा आणि ड्रॉवरमधली वही

पत्र

सर, नमस्कार.

मी राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठात सहायक कुलसचिव आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे 'बिझनेस इंटेलिजन्स' प्रणाली आली. प्रवेश, परीक्षा, वित्त, आस्थापना, सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी. कुलगुरूंच्या दालनात मोठा पडदा लागला, नारळ फुटला, पेपरात फोटो आला आणि मला नोडल अधिकारी केलं. आज चौदा महिने झाले. ती प्रणाली रोज उघडणारी बहुधा मी एकटीच आहे. तीन कार्यशाळा घेतल्या. लोक आले, हजेरीपत्रकावर सह्या केल्या, जेवले आणि गेले. परीक्षा विभागातल्या एका वरिष्ठ लिपिकांना कारण विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या पडद्यावरचा आकडा चुकीचा आहे. खरा आकडा माझ्याकडे वहीत आहे." ते येत्या जूनमध्ये निवृत्त होतायत. पुढच्या वर्षी नॅकचं (राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेचं) मूल्यांकन आहे. कुलगुरू म्हणतात, कर्मचाऱ्यांमध्ये नवोपक्रमाची वृत्ती रुजवा. ती कशी रुजवतात? की लोकांना बदल नकोच असतो?

– एक नोडल अधिकारी

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या वरिष्ठ लिपिकांचं आहे. तुमच्या जागी मी असतो तर त्याच दुपारी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसलो असतो आणि म्हटलं असतं, "दाखवा वही."

मी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या कचेरीत काढली, त्यातली बरीचशी परीक्षा विभागात. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते. त्यांच्या ड्रॉवरमध्ये लाल कापडी बांधणीची वही असायची. कुठल्या महाविद्यालयाचे प्रात्यक्षिकाचे गुण दर वर्षी उशिरा येतात, कुठल्या विषयाला परीक्षक मिळता मिळत नाहीत, कुठले प्राचार्य पत्राला दाद देत नाहीत पण फोन केला की तासाभरात माणूस पाठवतात, हे सगळं त्यात होतं. मार्च उजाडला की ते वही उघडून तीस-पस्तीस फोन आधीच लावून टाकत. आम्ही साहेब लोक त्याला 'त्यांची सवय' म्हणायचो. पुढे कधीतरी वाचनात आलं की 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या नावाचा लेख आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली लिहिला होता. संस्थेत येणाऱ्या कागदांच्या ढिगातून ज्याला जी माहिती कामाची आहे ती त्याच्यापर्यंत आपोआप पोचवायची, अशी त्यांची कल्पना. आमचे हेडक्लार्क तेच करत होते, फक्त यंत्राशिवाय. ते निवृत्त झाले, वही त्यांच्याबरोबर घरी गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचे दोन विद्याशाखांचे निकाल लटकले. वही कुणी मागून घेतलीच नव्हती. त्यात माझाही दोष आहे, मी तेव्हा तिथेच होतो.

तेव्हा 'लोकांना बदल नको असतो' हा निष्कर्ष आधी बाजूला ठेवा. ज्या माणसाने कुणी न सांगता वर्षानुवर्षं स्वतःची नोंद ठेवली, त्याला माहितीचं महत्त्व तुम्ही काय शिकवणार? त्याचा तुमच्या पडद्यावर विश्वास नाही, एवढंच. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं.

एक प्रयोग करा. उद्या चार विभागांना वेगवेगळं विचारा, "आपल्याकडे विद्यार्थी किती?" पात्रता विभाग सांगेल, ज्यांची पात्रता पक्की झाली ते. परीक्षा विभाग सांगेल, ज्यांनी परीक्षा अर्ज भरले ते; त्यात एटीकेटीवालेही आले, म्हणजे तिसऱ्या वर्षाला बसणारा आणि पहिल्या वर्षाचा एक विषय राहिलेला मुलगा दोनदा मोजला जाऊ शकतो. वित्त विभाग सांगेल, ज्यांचं शुल्क जमा झालं ते. शिष्यवृत्तीचं टेबल महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा, आकडा देईल. शिवाय केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला, म्हणजे २०१०-११ पासून चालत आलेल्या एआयएसएचईला, आपण एका ठरलेल्या संदर्भ-तारखेची संख्या कळवतो, ती आणखी निराळी. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. तुमची प्रणाली बसवणाऱ्या कंपनीच्या मुलाने या चार विभागांच्या तक्त्यांची जुळणी करून सहावाच आकडा काढला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावला. तो नेमका कुणाचा, कुठल्या दिवसाचा, एटीकेटी धरून की सोडून, हे पडद्यावर लिहिलेलं नाही. मग परीक्षा विभागातला माणूस पडद्याकडे बघणार, आपल्या वहीशी ताडून पाहणार आणि पुन्हा कधीही तिकडे बघणार नाही. मीही बघितलं नसतं.

म्हणून पहिलं काम संगणकाशी बसून करायचं नाहीच. एका मोठ्या कागदावर करायचं आहे. 'विद्यार्थी', 'प्रवेशित', 'नियमित', 'अनुत्तीर्ण', 'गळती', 'रिक्त पद', 'प्रलंबित निकाल' असे पंधरा-वीस शब्द घ्या. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: याचा अर्थ काय, हा आकडा कुठल्या तारखेचा धरायचा, आणि शंका आली तर कुठल्या टेबलाला विचारायचं. चारही विभागांची माणसं एकत्र बसवा. भांडणं होतील, होऊ द्यात. 'गळती' या एका शब्दावर मी दोन कक्ष अधिकाऱ्यांना पाऊण तास हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय: दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला मुलगा गळालेला धरायचा की नाही? एका महाविद्यालयाच्या दृष्टीने गळाला, विद्यापीठाच्या दृष्टीने नाही. तो पाऊण तास माझ्या मते तुमच्या तिन्ही कार्यशाळांपेक्षा अधिक कामाचा. सगळ्यांचं एकमत झालं की त्या कागदावर कुलसचिवांची सही घ्या आणि प्रत्येक व्याख्या पडद्यावरच्या त्या-त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत टाकायला कंपनीला सांगा. ओळख पटवायला नावाऐवजी पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, वापरा. आपल्याकडे एकाच मुलीचं नाव प्रवेश अर्जावर एक, गुणपत्रिकेवर दुसरं आणि आधारवर तिसरंच असतं, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगची तर बातच सोडा. जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये अडकल्या असतील तर तिथे वेळ लागेल, हेही कुलगुरूंना आत्ताच सांगून ठेवा.

आता दुसरं. तुमच्या प्रणालीत पन्नासेक आलेख असणार. त्यातला एकच निवडा. कुठला, तेही सांगतो, कारण तो कायद्यानेच निवडून दिलाय. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा असतो आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा असतो. मग प्रश्न असा ठेवा: आज कुठल्या परीक्षेचे किती दिवस उरलेत आणि ती नेमकी कुठे अडली आहे? कॅप केंद्रावर, म्हणजे तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिका पोचल्या का? तपासून झाल्या का? अंतर्गत गुण कुठल्या महाविद्यालयाकडून आले नाहीत? राखून ठेवलेले निकाल किती आणि कशामुळे? एवढंच. या प्रश्नात परीक्षा विभागाचा स्वार्थ आहे. निकाल उशिरा लागला की शिव्या त्यांनाच बसतात, फोन त्यांचेच वाजतात, विद्यार्थी संघटना त्यांच्याच दारात बसते. हा पडदा ज्या दिवशी त्यांचा एक फोन वाचवेल, त्या दिवसापासून ते तो स्वतःहून उघडतील. आणि या पडद्याचा आराखडा वहीवाल्या लिपिकांकडून काढून घ्या. त्यांच्या रकान्यांची शीर्षकं जशीच्या तशी ठेवा, 'सुटसुटीत' करायला जाऊ नका.

उरलेल्या एकोणपन्नास आलेखांना तूर्त सुट्टी. कुलगुरू विचारतील, सगळं एकदम का नाही? त्यांना मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळ्याची आठवण करून द्या. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायची पद्धत सरसकट लागू केली गेली. पद्धत मुळात वाईट नव्हती, पण लाखो उत्तरपत्रिका, नवखे परीक्षक आणि कच्ची तयारी यांची गाठ एकाच हंगामात पडली. ४५ दिवसांची मुदत कधीच उलटून गेली, मुलांचे पुढचे प्रवेश खोळंबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. हे सांगताना आवाज सौम्य ठेवा, म्हणजे धमकी वाटणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, नवोपक्रमाची वृत्ती. हा शब्द ऐकला की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर सभागृह, दीपप्रज्वलन, पुण्याहून आलेला वक्ता आणि बासुंदी येते. शिकण्याची जागा टेबल आहे, सभागृह नव्हे. तुम्ही सहा जण निवडा, त्याहून जास्त नकोत. परीक्षा, पात्रता, वित्त, आस्थापना यांतून एकेक, संगणक केंद्रातला एक, आणि एक कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. शेवटचा विसरू नका. प्रत्यक्ष माहिती तोच भरतो, चुका कुठे होतात ते त्यालाच माहीत असतं, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं, कारण तो 'आपला' नाही. आठवड्यातून एक दुपार, दोन तास, कुलसचिवांच्या लेखी आदेशाने. आदेश लेखी हवाच. नाहीतर साहेब विचारतात, कुठे गेला होता?

त्या दोन तासांत काय करायचं? प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा एक वैताग आणायचा. "दर महिन्याला तीच माहिती मी तीन वेगळ्या नमुन्यांत देतो," असा. मग तो वैताग कागदावर मांडायचा: माहिती कुठून येते, कुणाच्या हातून जाते, कुठे अडते. त्यानंतरच एक्सेल उघडायचं. पिव्होट टेबल, दोन तक्ते जोडणं, एकसारख्या नोंदी शोधणं, तारखांचा घोळ निस्तरणं, एवढं जमलं तरी निम्मी लढाई जिंकली. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सगळ्यांकडे आहे, पण ते सेवापुस्तकात आहे, बोटांत नाही. आकड्यांचे आलेख करणाऱ्या पॉवर बीआयचं डेस्कटॉप रूप फुकट मिळतं, तशाच कामाची मेटाबेस आणि अपाचे सुपरसेट ही मुक्त स्रोत साधनं आहेत. त्यामुळे शिकायला कंपनीच्या लायसनची वाट बघायला नको. एक्सेलचा तिरस्कार करू नका, पण त्याच्या मर्यादा जरूर दाखवा. २०२० च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळाले, कारण एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि जादा ओळी कुणाच्या लक्षात न येता कापल्या गेल्या. ही गोष्ट आमच्या एका लिपिकाला सांगितली तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची फाइल शेवटपर्यंत तपासली.

खरी मेख मात्र पुढे आहे. तुमचे कर्मचारी आज प्रणालीत माहिती भरतात, रजिस्टरही लिहितात, आणि वरून 'विहित नमुन्यात माहिती तात्काळ सादर करावी' अशी पत्रंही येतात. म्हणजे नव्या यंत्राने त्यांचं काम वाढवलं. निम्म्या जागा रिक्त असताना वाढीव काम घेऊन आलेल्या कशालाही कुणी ओवाळणार नाही. तुमच्या सहा जणांनी दर दोन महिन्यांनी एक रजिस्टर किंवा एक नमुना बंद करायचा प्रस्ताव द्यावा आणि कुलसचिवांनी परिपत्रक काढून तो खरोखर बंद करावा. 'अमुक नमुना या परिपत्रकान्वये रद्द करण्यात येत आहे' हे वाक्य वाचून लिपिकांच्या चेहऱ्यावर येणारा आनंद तुम्ही पाहिला नसेल तर पाहाच. आणि त्या टिपणीत कल्पना ज्याची, त्याचं नाव घाला. आपल्या टिपण्यांमध्ये सूचना वरच्या सहीची होते, चूक खालच्या सहीची. हे उलटं झालं की बाकीचे आपोआप कल्पना घेऊन येतात. त्या सहा जणांची वर्षभर बदली करू नये, एवढं आश्वासनही मागून घ्या. शिकवलेला माणूस सहा महिन्यांत आवक-जावकला बसवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

यापेक्षाही मोठी भीती कुणी बोलून दाखवत नाही. हा पडदा उद्या माझ्याच विरुद्ध वापरला तर? तुमच्या पत्रात हे नाही, पण मला खात्री आहे की ते तुमच्या कचेरीत आहे. कुठल्या टेबलावर किती नस्त्या (फायली) अडल्या, हे लाल रंगात कुलगुरूंच्या दालनात दिसू लागलं की दोन आठवड्यांत सगळे रंग हिरवे होतात. नस्त्या मात्र तिथेच असतात. फक्त तारीख बदलून, किंवा त्रुटी काढून परत पाठवून, पुढे ढकललेल्या. म्हणून पहिलं वर्षभर पडद्यावर व्यक्तीचं नाव दिसणार नाही, फक्त टप्पा दिसेल, असं कुलगुरूंकडून बैठकीत सगळ्यांसमोर वदवून घ्या.

आकड्यांचं काय करायचं हे शेवटी माणूसच ठरवतो, याची अमेरिकेतली दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदी रोज तपासणारी यंत्रणा लावली. आठशेहून अधिक धोक्याच्या खुणा ठरवल्या. एखाद्याने चुकीचा विषय घेतला, पायाभूत विषयात कमी गुण पडले, की समुपदेशकाला लगेच कळतं. पण त्यासाठी त्यांनी ४२ जादा समुपदेशक नेमले, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली होती. शेवटच्या टप्प्यावरची कितीतरी मुलं शुल्काच्या किरकोळ थकबाकीमुळे यादीतून काढली जातात, हे आकड्यांतून दिसलं. तेव्हा मुलांनी अर्ज करायची वाट न बघता विद्यापीठानेच छोटी अनुदानं त्यांच्या खात्यात टाकली. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होतं, ते या आणि इतर उपायांनी पुढे ५४ टक्क्यांवर गेलं.

दुसरं उदाहरण मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचं. तिथल्या अध्यक्षांनी नव्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण करून, गळण्याची शक्यता असलेली मुलं ओळखून त्यांना सुरुवातीलाच बाहेर काढायचा घाट घातला, म्हणजे टिकून राहणाऱ्यांचा टक्का छान दिसेल. प्रकरण बाहेर आलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीअखेर त्यांना राजीनामा द्यावा लागला. कुठली मुलं गळतील, हाच प्रश्न दोघांनीही आकड्यांना विचारला होता.

आपल्याकडे हे कसं वापराल? तुमच्या वित्त आणि परीक्षा विभागांच्या दोघांना एक काम द्या: मागच्या सत्रात प्रवेश होता पण परीक्षा अर्ज आला नाही, अशा मुलांची यादी काढा आणि त्यातल्या किती जणांची शिष्यवृत्ती अडकल्यामुळे महाविद्यालयाने अर्ज थांबवला, ते बघा. शिष्यवृत्तीपात्र मुलांचे अर्ज शुल्कासाठी अडवू नयेत अशा सूचना असूनही काय चालतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ही यादी निघाली तर तो तुमचा खरा नवोपक्रम, आणि तो तुमच्याच दोन लिपिकांनी केलेला असेल.

विक्रेत्याबद्दल थोडक्यात. करार संपल्यावर सगळी माहिती उघड्या स्वरूपात परत मिळणार का, हे लेखी घ्या. नसेल तर माहिती तंत्रज्ञान मंडळापुढे विषय न्या; २०१६ च्या कायद्याने ते मंडळ दिलंय, त्याचा उपयोग करा. दालनातल्या पडद्यावर विद्यार्थ्यांची नावं, प्रवर्ग, मोबाइल क्रमांक दिसत असतील तर आजच काढा. तिथे चहा घेऊन येणाऱ्यापासून आमदारांच्या स्वीय सहायकापर्यंत सगळे बसतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता विद्यापीठांनाही विचारात घ्यावा लागणार आहे.

नॅकची काळजी सध्या करू नका. व्याख्यांचा कागद पक्का झाला तर एक्यूएआरचे, म्हणजे नॅकला द्यायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाचे, निम्मे तक्ते त्यातूनच निघतील. नॅकसाठी म्हणून पडदा सजवायला घेतलात तर मात्र समिती येऊन गेल्यावर तो कायमचा बंद होईल, हे मी दोनदा पाहिलंय.

राहिले ते वरिष्ठ लिपिक. जूनपर्यंत वेळ आहे. एका ऑपरेटरला रोज अर्धा तास त्यांच्याशेजारी बसवा, वहीतली प्रत्येक नोंद का केली ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'या महाविद्यालयाला १० तारखेला फोन, नंतर केला तर उपयोग नाही' अशी नोंद कुठल्याही डेटाबेसमध्ये नसते. तिच्यासाठी शेऱ्याचा एक रकाना ठेवा. आणि वही मागू नका, छायाप्रत मागा. मूळ वही त्यांचीच आहे. निरोप समारंभात शाल-श्रीफळाच्या आधी तो नवा पडदा त्यांच्याच हाताने उघडवा, आणि त्यावरचा आकडा बरोबर आहे का ते सगळ्यांसमोर त्यांना विचारा. चुकीचा म्हणाले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा.

आपला,
सदरलेखक